उलटा बाक

स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी करकरत होती, म्हणून सुतारकाकांना बोलावलं होतं. काम अर्ध्या तासाचं. ते उरकून चहा घेताना त्यांची नजर सारखी गच्चीच्या दाराकडे जात होती. मला वाटलं, कुंड्या बघत असतील. चहा संपल्यावर त्यांनी कप ओट्यावर ठेवला आणि काही न विचारता गच्चीत जाऊन माझा सागवानी बाक दोन्ही हातांनी धरून सरळ उलटा केला. चारही पाय वर, पाठ फरशीला टेकलेली, पोट उघडं. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. पाहुण्यानं आपल्या घरी येऊन देव्हाऱ्याच्या मागं बोट फिरवावं आणि जळमट काढून दाखवावं, तसं काहीतरी. काका खाली बसले, एका पायाच्या तळाशी अंगठ्याचं नख टोचलं. नख आत गेलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, घेताना खालून बघितलं होतं का?"

नव्हतं बघितलं. बाक खालून कोण बघतं?

बाक घेतला तो २०२३च्या अक्षय्य तृतीयेला. अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून सागाचं लाकूड गेल्याची बातमी तेव्हा ताजी होती, आणि दुकानातला मुलगा तिचा पुरेपूर उपयोग करत होता. "मॅडम, सेम माल." त्या एका वाक्यावर मी निम्मी विरघळले. उरलेली विरघळले ती त्याच्या प्रयोगावर. त्यानं बाटलीतून पाण्याचा एक थेंब बाकाच्या पाठीवर सोडला. अळवाच्या पानावर राहावा तसा तो गोल, टपोरा थेंब तिथं उभा राहिला. "नॅचरल ऑइल आहे मॅडम सागात. बाहेर ठेवा, ऊन-पाऊस काही होत नाही. ए ग्रेड." हे ए ग्रेड तो दर दोन वाक्यांनी म्हणत होता. आता कळतं की तो थेंब सागाच्या तेलावर उभाच नव्हता, तो वरच्या पॉलिशवर उभा होता. आणि ते अक्षर जो तो दुकानदार आपापल्या सोयीनं वापरतो. पण त्या क्षणी मध घातलेल्या दुधासारखा तो रंग, फळीवरून वाहत गेलेल्या त्या गडद रेषा, आणि आपल्या गच्चीत संध्याकाळी चहाचा कप घेऊन आपण त्यावर बसलो आहोत हे चित्र. ३२,००० रुपये मी फारशी घासाघीस न करता मोजले.

खरं तर आमच्या घराला सागानं एकदा फसवलेलं आहे. सागानं म्हणणं चूक, त्याच्या नावानं. नव्वदच्या दशकात वर्तमानपत्रांत जाहिराती यायच्या: आज इतके हजार गुंतवा, तुमच्या नावानं सागाची रोपं लावू, वीस वर्षांनी लाखो घ्या. बाबांनी पोस्टातली एक पावती मोडून पैसे भरले. बदल्यात आलं एक जाड कागदाचं प्रमाणपत्र, त्यावर हिरवंगार झाड. सेबीनं अशा योजनांसाठी १९९९ साली नियम केले, तोवर आमच्या योजनेच्या कचेरीला कुलूप लागलं होतं. बाबा ते प्रमाणपत्र फेकायला तयार नव्हते. "झाडं कुठंतरी उभी असतीलच की," म्हणायचे. आई म्हणायची, "असतील, पण आपली कुठली ते कसं ओळखणार?" गंमत अशी की ती झाडं खरंच असती आणि वेळेवर तोडली असती, तरी जाहिरातीतल्यासारखं लाकूड हाती लागलं नसतं. सागाचं सगळं मोल गाभ्यात. बाहेरचा पांढुरका थर झाडाला पाणी पोचवतो, पण तोडल्यावर त्यात वाळवी-बुरशीला अडवणारं काही नसतं. गाभ्यात झाड वर्षानुवर्षं तेल, रबरासारखा चिकट अंश, वाळवीला न मानवणारी द्रव्यं साठवत जातं, आणि वर बारीक सिलिका, जिच्यामुळे सुताराच्या रंध्याची धार भराभर जाते. हा गाभा भरायला झाडाला वय लागतं. कोवळ्या झाडाच्या खोडात पांढरंच जास्त.

काकांनी उलट्या बाकावर बोट ठेवलं ते नेमकं तिथंच. बैठकीच्या पाच पट्ट्यांपैकी दोन खालच्या अंगानं फिक्या, कणकेच्या रंगाच्या. वरून मात्र पाचही एकसारख्या मधाळ. कुणीतरी वरच्या बाजूला रंगाचा हात मारून पांढरा भाग गाभ्यात मिसळून टाकला होता. खालून मारायची तसदी घेतली नव्हती. एका अर्थी प्रामाणिकपणाच.

सागाशी माझी ओळख तशी जुनी, दापोलीच्या बाजूच्या आमच्या गावातली. पावसाळ्याच्या तोंडी सागाला नवी पालवी यायची. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक व्हायचे. ती आमची फुकटची मेंदी. जून पान मात्र असं खरखरीत की चुलतभाऊ त्यानं पाटीवरचं जुनं लिखाण घासून काढायचा. पावसात शेंड्यावर पांढऱ्या बारीक फुलांचे मोठाले तुरे, आणि पाऊस ओसरताना किड्यांनी पानांचं मांस खाऊन नुसत्या शिरांची जाळी ठेवलेली. उन्हाकडे धरली की मागचं आभाळ गाळून यायचं. त्या जाळीची पानं मी वहीत ठेवायचे आणि ती चुरा होऊन मराठीच्या धड्यांवर सांडायची.

आणि त्या घराच्या अंगणात एक बाकडं होतं. पणजोबांच्या वेळचं म्हणत. पाठ नव्हती, हात नव्हते. एक जाड फळी, चार पाय, मधे एक आडवी पट्टी. खिळा एकही नाही. खाचेत कूस, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं कोरलेलं टोक, बसवलेली आणि आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. त्यावर आजोबा सकाळी दात घासत बसायचे, काकू तांदूळ निवडायची, कुळवाडी माणसं टेकायची, कोंबड्या वर्षभर आपला हक्क बजावायच्या. रंग राखाडी, चुलीतल्या थंड राखेसारखा, पण हात फिरवला तर मऊ. त्याला कधी कुणी तेल लावल्याचं मला आठवत नाही. आजोबा वर्षातून एकच गोष्ट करायचे. मृगाच्या आधी बाकडं उचलून पागोळ्यांच्या आत, पडवीच्या कडेला घ्यायचे आणि चारी पायांखाली फुटक्या मंगलोरी कौलाचे चार तुकडे सरकवायचे. मग त्यावर बसून ते नीट टेकलंय का हे डावी-उजवीकडे झुकून बघायचे. डुललं तर तुकडा बदलायचे. आम्हा पोरांना तो खेळ वाटायचा.

ते बाकडं गेलं ते धाकट्या आत्याच्या लग्नात. मी चौथीत होते. परसात मोठ्या चुलाण्यावर पाण्याची तपेली चढलेली, सरपण कमी पडलं, आणि वाडीतून मदतीला आलेल्या कुणाला तरी कोपऱ्यात उभं केलेलं ते राखाडी जुनाट लाकूड दिसलं. त्याची चूक नव्हती, दिसायलाच ते टाकाऊ होतं. कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला आणि फळी उभी चिरली. मी तिथंच उभी होते. आतून ती सोन्यासारखी पिवळी होती. काल कापल्यासारखी. आणि वास आला, नव्या कोल्हापुरी चपलांचा येतो ना, तसा चामड्याचा, जरा तेलकट, गोडसर. कुऱ्हाडवाला थबकला. त्यालाही कळलं असावं, पण दुसरा घाव घालण्यावाचून आता इलाजही नव्हता. आजोबांना कळलं तेव्हा निम्मं जळून झालं होतं. ते रागावले नाहीत, निदान लग्नघरात नाहीत. एक ढलपी उचलून त्यांनी कोनाड्यात ठेवली आणि पुढं कित्येक वर्षं ती माजघराच्या दाराला पाचर म्हणून होती.

लाकूड उघड्यावर राखाडी का होतं, याचं कारण साधं आहे. उन्हातले अतिनील किरण वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारं द्रव्य, मोडून टाकतात. पाऊस ते धुऊन नेतो. मागं उरतात चंदेरी-राखाडी तंतू. हा थर नखापेक्षाही पातळ. पिकल्या केसांची उपमा इथं कुणालाही सुचेल, मलाही सुचली होती. पण ती जमत नाही. केस मुळापासून पांढरे होतात. साग फक्त वरून होतो.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी माझा बाक राखाडी व्हायला लागला तेव्हा मी घाबरले. पहिल्याच पावसात त्यानं गच्चीच्या पांढऱ्या फरशीवर चहाच्या रंगाचे ओघळ सोडले होते. नवा साग आपला रंग असा थोडा गाळतोच, पण मला वाटलं हा आता संपला. दिवाळीपर्यंत कडा भुरकट झाल्या. एक मैत्रीण येऊन म्हणाली, "अगं, याला काही लावत नाहीस का?" झालं. दुसऱ्या दिवशी मी रंगाच्या दुकानात. दुकानदारानं एक परदेशी चित्राचा टीक ऑइलचा डबा पुढं केला. सागाचं तेल म्हणून मी तो भक्तिभावानं घेतला. त्यात सागाचं काही नसतं हे नंतर समजलं. असल्या डब्यांत बहुतेक जवसाचं किंवा तत्सम तेल, पातळ करायला द्रावण आणि थोडं व्हार्निश. तो डबा संपल्यावर मी थेट बेलतेलच, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, आणलं. तेव्हा दुकानदारानं एक कामाची गोष्ट सांगितली, की तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा. मी घरी येऊन चिंधी पसरली आणि बाकाला चार हात दिले. काय देखणा दिसत होता! आठ दिवस मी त्याच्यावर कुणाला बसू दिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्यावर काळे ठिपके आले. आधी तीळ सांडल्यासारखे, मग सगळीकडे. ओल्या हवेत तेल म्हणजे बुरशीला पंगत. मी वर प्लॅस्टिकचं आच्छादन घातलं, तर आतल्या आत घाम धरून ठिपके वाढले. शेवटी सोसायटीत गाड्या धुणाऱ्या मुलाला त्याचा पंप घेऊन बोलावलं. पाण्याच्या जोरानं काळं निघालं खरं, पण वाळल्यावर हात फिरवला तर बाक धुण्याच्या दगडासारखा खरबरीत. सागाच्या खोडातलं दर वर्षाचं वलय दोन पदरी असतं: वाढीच्या सुरुवातीचा भाग सच्छिद्र, मऊ आणि पुढचा भाग घट्ट. पंपानं मऊ भाग उडवला, घट्ट भागाच्या धारा उरल्या. त्या उंचवट्यांवर बोट ठेवून मी एका रिकाम्या दुपारी वर्षं मोजली होती. अशी वर्षं मोजण्याचा शास्त्रशुद्ध उद्योग पुण्यातच चालतो. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ठाण्याकडच्या सागांच्या वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढलेला आहे. माझ्या बाकाच्या एका पट्टीत जेमतेम नऊ वर्षं निघाली, ऐसपैस, रुंद रुंद. रुंद वलय म्हणजे लाकूड कच्चंच, असं सरसकट नाही. पण नऊ वर्षांनी अख्खी पट्टी भरावी, याचा अर्थ ते झाड घाईत होतं. त्याला तोडणारा त्याहून जास्त.

गेल्या वर्षी आईला घेऊन एकवीरेला गेले होते. पायऱ्या चढून आई दम खात बसली, तेवढ्यात मी शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यात शिरले. लहानपणापासून कितीदा पाहिलंय, पण त्या दिवशी मान वर करून फक्त छताकडे पाहिलं. दगडाच्या कमानीला आतून बसवलेल्या त्या लाकडी फासळ्या सागाच्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या काही पेलत नाहीत. डोंगर त्यांच्यावाचूनही उभा राहिला असता. पण लाकडाची घरं बांधणाऱ्या माणसांना दगडातही लाकडाचं छत हवंसं वाटलं. दारापाशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या एका सुताराचं, म्हणजे वढकीचं, नाव कोरलेलं आहे. राजे, व्यापारी, भिक्षू यांच्या रांगेत एक सुतार. खाली उभी राहून मी मनाशी म्हटलं, यांना कुणी तेल लावलं? मग माझं मलाच हसू आलं. तिथं ना ऊन, ना पागोळी. गुहेतल्या लाकडाचं कौतुक गच्चीतल्या बाकाला सांगणं म्हणजे माहेरवाशिणीचा आराम सासुरवाशिणीला ऐकवणं.

उघड्यावरचा साग बघायचा तर बोटीवरचा बघायला हवा. माझी मावसबहीण न्यूकॅसलजवळ असते. तिथून थोडं खाली हार्टलपूल म्हणून बंदर आहे, तिथं त्रिंकोमाली नावाची जुनी लढाऊ नौका अजून पाण्यावर तरंगते. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागातून बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली. बहिणीनं व्हिडिओ कॉलवर मला ती फिरवून दाखवली. तिकडे वाऱ्यानं तिचा आवाज उडत होता, इकडे माझ्या कुकरची शिट्टी. त्या काळी जहाजाची सागवानी डेक घासायची ती वाळूनं, मऊ दगडानं आणि समुद्राच्या पाण्यानं. तेल पाजायला कुणाला सवड होती? पुढं अशा लढाऊ जहाजांचं आयुष्य संपल्यावर लंडनमध्ये ती फोडणारे लोक त्याच लाकडातून बागेतली बाकं करून विकू लागले. बागेत सागाचा बाक ठेवायची जी काय इंग्रजी ऐट आहे, ती बरीचशी या भंगारातून आलेली आहे. मुंबई किंवा मलबार सोडून गेलेला साग तिकडच्या धुक्यात राखाडी होत बसला, आणि त्याची नक्कल म्हणून काहीतरी नऊ वर्षांचं माझ्या गच्चीत आलं.

तर काका उलट्या बाकापाशी बसले होते. चारही पायांना मी हौसेनं रबरी बूट घातले होते, फरशीवर ओरखडे नकोत म्हणून. त्यांनी एक बूट ओढून काढला. आतून चमचाभर काळं पाणी सांडलं आणि गटारासारखा वास आला. "हे पाय पाण्यात ठेवलेत तुम्ही," ते म्हणाले. मग दुसरा, बरा असलेला पाय फडक्यानं पुसून त्यांनी पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि एक थेंब त्या पायाच्या तळावर, आडव्या कापावर सोडला. दुकानातला थेंब मला आठवला. हा थेंब उभा राहिला नाही. बघता बघता तो पसरला, मंद झाला आणि आत गेला. लाकडाच्या साऱ्या नळ्या तिथं उघड्या असतात. फळीच्या अंगानं पाणी आत शिरायला जितका वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेगानं पाय ते ओढून घेतात. मी दोन वर्षं वरच्या अंगाला तेल पाजत होते आणि बाक खालून पाणी पीत होता.

आजोबांचे कौलाचे तुकडे तेव्हा मला कळले. इतक्या वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच्या बोटावरच्या थेंबातून.

काकांना पुढच्या रविवारी बोलावलं. लोखंडी स्क्रूंभोवती निळसर काळे डाग उतरले होते. ते स्क्रू काढून त्यांनी पितळी घातले, डागांवर ऑक्झॅलिक अॅसिडचं पाणी फिरवून धुतलं. कुजलेला पाय तळाकडून दोन बोटं उंचीनं कापला, मग न्यायानं बाकीचे तीनही. पांढऱ्या दोन पट्ट्या बदलायला त्यांनी टिंबर मार्केटातून पेठेतल्या कुठल्याशा पाडलेल्या वाड्याच्या तुळईचा तुकडा आणला. करवत चालली आणि गच्चीत तोच चामड्याचा वास पसरला. मी स्वयंपाकघरातून नुसती येऊन उभी राहिले. काकांना वाटलं पैशांचं विचारायला आले. खरबरीत भाग त्यांनी बारीक पॉलिश पेपरनं, रेषेच्या दिशेनं, हलक्या हातानं घासला, आणि पायांच्या तळांना मेण वितळवून पाजलं. "आता वर काय लावू?" मी विचारलं. "काही नाही. दिवाळीला रिठ्याच्या पाण्यानं मऊ ब्रशनं धुवा. आणि हात आवरा." शेवटचे दोन शब्द त्यांनी हसत म्हटले, पण मला जरा लागलेच. काहीतरी लावायची, पुसायची, झाकायची माझी हौस कमी झाली तर संध्याकाळी करू काय?

रबरी बूट टाकून दिल्यावर पायांखाली ठेवायला काहीतरी हवं होतं. पुण्यात फुटकं कौल मिळेना. एका ठिकाणी मिळालं तर ते अँटिक म्हणून विकायला ठेवलेलं, ४५० रुपयांना एक. शेवटी गावी चुलतभावाला फोन केला. तो आधी पाच मिनिटं हसला. "कौलं? आंबे नकोत?" दोन्ही पाठव म्हटलं. मे महिन्यात आंब्याची पेटी आली, आणि पेटीच्या तळाशी पेंढ्यात गुंडाळलेले चार तुकडे. एकावर शेवाळ होतं, एकावर अक्षरांचा ठसा अर्धा. पडवी पाडली तेव्हा ढिगात टाकलेले होते म्हणे.

ते पायांखाली सरकवले. दोन जाड निघाले, दोन पातळ. बाक अजून डुलतो. संध्याकाळी चहा घेऊन बसले की डावी-उजवीकडे झुकून बघते, आणि कुठला तुकडा बदलावा ते अजून ठरत नाही.